कॉलेजमध्ये कोर्स कसा बांधायचा आणि असाइनमेंट कशी द्यायची: नव्या प्राध्यापकांचे नेहमीचे प्रश्न

जून-जुलैत नवीन जॉइन झालेले सर-मॅडम स्टाफरूममध्ये गाठून, फोन करून, व्हॉइस नोट टाकून साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. मी अर्थशास्त्र शिकवतो, नाशिक जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, आर्ट्स-कॉमर्स-सायन्स तिन्ही असलेल्या कॉलेजात. त्यामुळे उदाहरणं कांद्याची जास्त येतील, पण पद्धत कुठल्याही विषयाला चालते.

सिलॅबस युनिव्हर्सिटीचा, पेपर युनिव्हर्सिटीचा, मग आपल्या हातात उरतं काय?

बरंच उरतं. सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं "मागणी व पुरवठ्याची लवचिकता" आणि पुढे तासांचा आकडा. त्या तासांत वर्गात नक्की काय घडणार, कुठलं उदाहरण येणार, पोरांच्या हातात पेन कधी येणार, हे कोणीच ठरवून दिलेलं नाही, ते तुम्हीच ठरवता. वरून इंटर्नलचे मार्क आहेत, कुठे ३०-७० तर कुठे ४०-६०, म्हणजे पेपराचा जवळपास तिसरा हिस्सा तुमच्या असाइनमेंटवर अवलंबून आहे, ही काही लहान गोष्ट नाही.

एक हिशोब मात्र पहिल्याच दिवशी मांडा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चं, पण राज्यातल्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून आलं आणि २ क्रेडिटचे छोटे पेपर वाढले. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे २ क्रेडिटला ३० तास. त्यातून सण, गॅदरिंग, निवडणुकीची ड्युटी, यूथ फेस्टिव्हल वजा करा, खरे किती तास उरतात ते वहीत लिहा आणि प्लॅन त्या आकड्यावर करा, ३० वर नको.

सुरुवात कुठून करायची? मी तर पहिल्या युनिटच्या नोट्स काढायला बसलोय.

नोट्स जरा बाजूला ठेवा. आधी एक वाक्य लिहा: हा पेपर संपल्यावर माझ्या वर्गातली पोरगी असं काय करू शकेल जे आज तिला येत नाही? मग तिला ते आलं हे मला कशावरून कळेल ते लिहा, तीच तुमची असाइनमेंट. आणि सगळ्यात शेवटी, ती असाइनमेंट जमायला तिला कुठली लेक्चर्स लागतील ते ठरवा. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या दोघा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ मध्ये ही उलट्या क्रमाने कोर्स बांधायची रीत नीट मांडली आणि आज जगभर बरेच कोर्स असेच बांधले जातात.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आधी लेक्चर, मग नोट्स, मग सप्टेंबर संपत आला की ऑफिसमधून निरोप येतो इंटर्नलचे मार्क भरा, मग घाईघाईने "खालीलपैकी कोणत्याही एका विषयावर निबंध लिहा". ती असाइनमेंट कोणीच मनापासून लिहीत नाही कारण ती कोणी मनापासून दिलेलीच नसते.

कोर्स आउटकम (पेपर संपल्यावर पोरांना काय यायला हवं त्याची वाक्यं) फक्त नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फाइलीसाठीच असतात ना?

फाइलीसाठी लिहिले तर फाइलीतच राहतात. "विद्यार्थ्याला लवचिकतेची संकल्पना समजेल" असं लिहिलं की पुढे काही करताच येत नाही, समजलं की नाही हे तपासणार कसं? त्याऐवजी "एका शेतमालाची ३० दिवसांची आवक आणि भाव बघून भाव का हलला ते आकड्यांसकट सांगेल" असं लिहा, लगेच असाइनमेंटही दिसायला लागते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांची शिकण्याच्या पायऱ्यांची जी उतरंड आपण बी.एड. नसतानाही पाठ करतो, १९५६ ची मूळ आणि २००१ ची सुधारलेली, तिचा उपयोग एवढाच करा की तुमची सगळी क्रियापदं "आठवणे" आणि "समजणे" या खालच्या दोन पायऱ्यांवरच अडकली नाहीत ना ते बघा. एका पेपराला चार आउटकम पुष्कळ झाले.

चांगली असाइनमेंट म्हणजे नक्की कशी? एक पूर्ण दाखवा ना.

एफवायच्या पोरांना मी देतो ती सांगतो. "पुरवठ्याची लवचिकता स्पष्ट करा" हा प्रश्न गाईडमध्ये आहे, त्याचं उत्तर गाईडमध्ये आहे आणि मागच्या वर्षीच्या सिनियरच्या फाइलमध्येही आहे. मी तो विचारत नाही. मी सांगतो, आपली बाजार समिती घ्या किंवा तुमच्या गावाला जवळची लासलगाव, पिंपळगाव, येवला यातली कुठलीही, आणि कांद्याचे सलग ३० दिवसांचे आकडे वहीत हाताने उतरवा. पणन मंडळाच्या वेबसाइटवर रोजची आवक क्विंटलमध्ये मिळते आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन दर मिळतात. आधी फक्त हे तीन दर का असतात ते शोधून या. हा प्रश्न लहान वाटतो पण पोरं घरी बापाला विचारतात, बाप सांगतो की गोल्टीला किती आणि मोठ्या मालाला किती, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मालाची प्रतवारी हा विषय पोरंच मला समजावून सांगतात.

मग दुसरा टप्पा, घरातली किंवा शेजारच्या शेतकऱ्याची एक हिशेबपट्टी बघा. वजन किती, दर काय लागला, हमाली, तोलाई किती गेली, गाडीभाडं किती, हातात किती पडले. त्याच दिवशी गल्लीतल्या भाजीवाल्या मावशींकडे किलोचा भाव काय होता तो विचारा, दोन्हीतला फरक मांडा आणि तो कुठे कुठे गेला ते जमेल तेवढं शोधा. पट्टीवरचं नाव आणि मोबाइल नंबर झाकूनच फोटो लावायचा, हा नियम पहिल्या दिवशी सांगतो आणि तो मोडला तर सबमिशन परत देतो, लोकांनी विश्वासाने कागद दाखवलेला असतो.

तिसरा टप्पा हा खरा अर्थशास्त्राचा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली पण किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क राहिलं, पुढे ते शुल्क २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण काढलं. पोरांनी बंदीच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे काढायचे आणि आलेख काढायचा, ग्राफ पेपरवर, हाताने. आता प्रश्न असा की भाव पडत असतानाही शेतकऱ्याने माल का आणला? घरी का नाही ठेवला? इथे वर्गातल्या निम्म्या पोरांचे हात वर येतात, कारण डिसेंबरात असतो तो लाल कांदा, तो टिकत नाही, कांदाचाळीत साठवायचा तो उन्हाळ कांदा. बस, झाली की पुरवठ्याची लवचिकता. लाल कांद्याचा पुरवठा भावाला दाद देत नाही कारण तो थांबूच शकत नाही, उन्हाळचा देतो कारण चाळ आहे. ही व्याख्या आता त्या पोराला कोणी पाठ करून घ्यायची गरज नाही आणि युनिव्हर्सिटीच्या पेपरात त्याने हेच उदाहरण लिहिलं तर तपासणाराही थांबून वाचतो.

या असाइनमेंटचं उत्तर दोन पोरांचं सारखं येऊच शकत नाही कारण गाव वेगळं, पट्टी वेगळी, दिवस वेगळे. ती पोराच्या स्वतःच्या जगातून निघालीय पण तिथेच थांबत नाही, सिद्धांतापर्यंत नेते. ही दुसरी गोष्ट विसरू नका, नुसतं "गावाचं सर्वेक्षण करा" म्हणून सोडून दिलं तर फोटोंचा अल्बम हातात येतो.

माझा विषय अर्थशास्त्र नाही. मला हे कसं जमणार?

केमिस्ट्रीचं बघा. पाण्याचा कठीणपणा मोजायचं ईडीटीए टायट्रेशन सगळीकडेच होतं, लॅब असिस्टंट मामांनी करून ठेवलेल्या सोल्यूशनवर, रंग वाइन रेडवरून निळा झाला की रीडिंग लिहायचं, आणि रीडिंग काय यायला हवं ते बाजूच्याच्या जर्नलमध्ये आहेच. त्याऐवजी प्रत्येकाने घरच्या बोअरचं, विहिरीचं, नळाचं पाणी बाटलीत आणू द्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. आपलं पाणी कुठे बसतं हे कळायची पोरांना इतकी उत्सुकता असते की तीच तीनदा रीडिंग घेतात. मग तालुक्याच्या नकाशावर सगळ्यांचे आकडे टाका आणि विचारा, या पट्ट्यातलं पाणी एवढं जड का.

कॉमर्सवाल्यांनी पाच दुकानांची पाच बिलं मागवावीत. जीएसटी नंबर १५ अंकी-अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा जागा पॅनची. कुठल्या बिलावर नंबरच नाही, आणि नसेल तर ते चूक आहे की दुकानदार नोंदणीच्या मर्यादेखाली आहे, आणि नंबर असून कर वेगळा दाखवलेला नसेल तर तो कंपोझिशन स्कीममध्ये आहे का? एवढ्या एका प्रश्नात अर्धं युनिट निघतं.

इतिहासाला ब्रिटिश काळातली जिल्हा गॅझेटियर आहेत, नाशिकचं १८८३ चं, राज्याच्या गॅझेटियर विभागाने ती ऑनलाइन ठेवलीत. आपल्या गावाची नोंद काढा, तेव्हा आठवडी बाजार कुठल्या वारी होता, आज कुठल्या वारी आहे, बदलला तर का, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि मराठीवाल्यांना तर काय कमी, आजीकडून जात्यावरच्या चार ओव्या लिहून आणायच्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्यात, त्यातल्या कितीतरी नेटवर ऐकायला मिळतात, त्यांच्याशी ताडून बघायचं की तीच ओवी दुसऱ्या तालुक्यात कशी फिरली.

लेक्चरला पोरं पहिली पंधरा मिनिटं ठीक असतात, मग डोळे मिटतात. काय करू?

आपण सलग बोलतो म्हणून. दर १२-१५ मिनिटांनी थांबा आणि त्यांना काहीतरी करायला द्या, एवढंच. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे प्रश्न फळ्यावर लिहा, एक मिनिट प्रत्येकाने गप्प बसून वहीत उत्तर लिहायचं, दोन मिनिटं बाजूच्याशी बोलायचं, मग तीन-चार जणांना उठवायचं. मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रँक लायमन यांनी १९८१ च्या सुमारास ही मांडली. यातलं गप्प बसायचं ते एक मिनिट कधी कापू नका, बुजरी पोरं तेवढ्यातच तयार होतात.

हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून याचीच पुढची आवृत्ती चालवली. चार पर्यायांचा एक संकल्पनेवरचा प्रश्न, सगळ्यांनी मत द्यायचं, साधारण ३० ते ७० टक्के पोरं बरोबर असली तर वेगळं उत्तर दिलेल्या शेजाऱ्याला पटवायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. आपल्याकडे क्लिकर (मत नोंदवायची रिमोटसारखी यंत्रं) नकोत, एकेका पोराने वहीच्या पानावर मोठं अ ब क ड लिहून वर धरलं तरी चालतं.

आणि याने रिझल्ट बिघडेल ही भीती काढून टाका. २०१४ मध्ये सायन्स, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, नुसतं लेक्चर असलेल्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के पोरं नापास आणि जिथे पोरं काहीतरी करत होती तिथे २१.८. एटीकेटीच्या याद्या लावणाऱ्या माणसाला हा फरक किती मोठा आहे ते वेगळं सांगायला नको.

पण मग पोर्शन कसा पूर्ण होणार? एचओडी रोज विचारतात.

सगळं वर्गात बोलून दाखवलं तरच पोर्शन झाला असं मानलं तर कधीच नाही होणार. जे वाचून कळतं, म्हणजे व्याख्या, इतिहास, फायदे-तोटे, ते दोन पानांचं झेरॉक्स करून आधी द्या आणि वर्गात फक्त जिथे पोरं दरवर्षी अडखळतात ते घ्या. वाचून आलेत का ते तपासायला पहिली पाच मिनिटं वही मिटून तीन प्रश्न. याला मार्क ठेवू नका. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग आहे, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने बघितलं तर वही मिटून आठवून लिहिणारे पुढे होते. आणि पोरांना हे सांगा, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री सगळी जण आयएमपी वाचत बसतात आणि वाचलं म्हणजे आलं असं त्यांना खरंच वाटतं.

वर्गात १२० पोरं आहेत. एवढं तपासायचं कधी?

लांबी कमी करा. दहा पानांची एक असाइनमेंट देण्याऐवजी दीड-दोन पानांच्या तीन टप्प्यांत घ्या. निकष आधीच छापून द्या, कांद्याच्या असाइनमेंटला २० पैकी माझे असे आहेत: आकडे स्वतः गोळा केलेले आणि पूर्ण असले तर ५, आलेख नीट असला तर ४, कारण आकड्यांना धरून दिलं तर ८, लिखाण समजेल असं असलं तर ३. हे आधी दिलं की "सर मला कमी का दिले" ही रांगच लागत नाही, पोरगं स्वतः कागद बघून सांगतं कुठे गेले.

दुसरं, पहिल्या टप्प्यावर मार्क लिहूच नका, फक्त एक शेरा लिहा, पुढे काय सुधारायचं एवढाच. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळेतल्या मुलांवर हे करून बघितलं होतं, ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचं पुढचं काम सुधारलं, ज्यांना मार्क आणि शेरा दोन्ही मिळाले त्यांचं नाही, मार्क दिसला की शेरा कोण वाचतो. आणि प्रत्येकाला वेगळा शेरा लिहायला वेळ नसेल तर पहिल्या २५ वह्या वाचा, ज्या चार-पाच चुका पुन्हा पुन्हा दिसतील त्यांना नंबर द्या, बाकीच्यांवर नुसता नंबर टाका आणि वर्गात फळ्यावर ते नंबर समजावून सांगा.

सगळ्यांना १५ पैकी १४ द्यायची पद्धत आहे आमच्याकडे. मी वेगळं केलं तर पोरांचं नुकसान होईल ना?

हा प्रश्न प्रामाणिक आहे. शेजारच्या कॉलेजला सगळ्यांना १४ आणि तुमच्या हुशार पोरीला ११, तर नुकसान होतंच. म्हणून कडक मार्क देऊ नका, दुसरी संधी द्या. पहिल्यांदा ९ चं काम आलं तर शेरा वाचून सुधारून आणू द्या, सुधारलं तर १३ द्या. मार्क चढलेले असले तरी ते कामाने चढलेले असतात, आणि काहीच न करणारा आणि दोनदा लिहिणारा दोघं १४ वर असले की वर्गाला काय कळतं ते पुढच्या सेमिस्टरला दिसतंच.

पोरं सगळं एआयकडून लिहून आणतात. आता असाइनमेंट द्यायचीच कशाला?

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ चं, कॉपी त्याच्या खूप आधीची. जो प्रश्न एआयला पूर्ण सोडवता येतो तो बहुतेक गाईडमधूनही उतरवला जात होताच. डिटेक्टरवर विसंबून मार्क कापू नका, ते माणसाने लिहिलेलंही मशीनचं ठरवतात आणि एखाद्या कष्टाळू पोराच्या वाट्याला नाहक अपमान येतो, तो त्याच्या मनातून जात नाही.

काम करायची पद्धत बदला. कच्चा डेटा हाताने लिहिलेला हवा, पट्टीचा फोटो हवा, आणि शेवटी दोन मिनिटांचा व्हायवा, "हा १२ तारखेचा भाव एकदम का वाढला रे?" ज्याने केलंय तो लगेच सांगतो, त्या दिवशी मार्केट दोन दिवस बंद राहून उघडलं होतं वगैरे. याशिवाय एआय उघडपणे वर्गात आणा. त्याला कांद्याच्या भावावर एक उत्तर लिहायला सांगा, प्रिंट काढा, आणि पोरांनी आपल्या आकड्यांच्या आधारे त्यातल्या चुका आणि मोघम वाक्यं लाल पेनाने काढायची. यात पोरांना जी मजा येते आणि जो आत्मविश्वास येतो तो बघण्यासारखा असतो.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकच पोरगी काम करते, बाकीचे नाव लावतात.

कामच असं वाटा की एकाचं दुसऱ्यावाचून अडेल. इलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत जिगसॉ नावाने हे सुरू केलं, तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं पहिल्यांदा एका वर्गात आली होती आणि तणाव होता. आपण असं करू शकतो, चार जणांचा ग्रुप, एकजण शेतकऱ्याशी बोलणार, एकजण आडत्याशी, एकजण टेम्पोवाल्याशी, एकजण किरकोळ विक्रेत्याशी. मग सगळ्या ग्रुपमधले आडत्यावाले एकत्र बसून आपली माहिती ताडून बघतात आणि परत आपल्या ग्रुपला येऊन शिकवतात. व्हायवाला मी आडत्याचा प्रश्न टेम्पोवाल्याला विचारतो. हे आधीच सांगितलेलं असतं म्हणून ग्रुप स्वतःच एकमेकांना तयार करतो. ग्रुप तुम्हीच पाडा, गावानुसार किंवा बसच्या रूटनुसार, म्हणजे एसटीत बसूनही बोलता येतं.

पीपीटी वापरावी का?

नकाशा, फोटो, मोठा तक्ता दाखवायला जरूर वापरा. वाचून दाखवायला नको.

पोरं कामाला जातात, अटेंडन्सच नाही. त्यांना हे फिल्डवर्क कसं झेपेल?

जो पोरगा सकाळी बाजार समितीत हमाली करून येतो किंवा जी पोरगी घरच्या दुकानात बसते, त्यांच्याकडे बाकीच्यांपेक्षा जास्त माहिती असते, फक्त आजवर कोणी ती अभ्यास म्हणून धरली नाही. त्यांचं कामच त्यांचं फिल्ड होऊ द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी "कमवा आणि शिका" ही रीत या राज्यात रुजवली, इथल्या पोरांच्या कष्टाला आपल्या असाइनमेंटमध्ये जागा असायलाच हवी. मुलींना पहाटे लिलावाला पाठवू नका, वडील-भावाची पट्टी, मावशींचा भाव आणि वेबसाइट यावर तेवढंच काम होतं. ज्याच्याकडे रिचार्ज नाही त्याच्यासाठी आकड्यांची एक प्रिंट लायब्ररीत ठेवा, न मागता.

वर्गात मराठीत बोलू द्यायचं की इंग्लिशच?

चर्चा मराठीत, अहिराणीत, ज्या भाषेत विचार येतो त्यात होऊ द्या. शेवटचं लिखाण परीक्षेच्या माध्यमात घ्या, आणि त्याचा पहिला मसुदा तपासताना व्याकरणाला हात लावू नका, आधी मुद्दा बघा.

मी सीएचबीवर आहे. तासाचे पैसे मिळतात, एवढं सगळं कोण करणार?

सगळं करूच नका. या सेमिस्टरला एकाच पेपराचं एकच युनिट घ्या, त्याची एकच असाइनमेंट नव्याने बांधा, बाकी आहे तसं चालू द्या. तिचा प्रश्नाचा कागद, निकषांचा कागद, चांगल्या कामाचे दोन नमुने पोरांच्या परवानगीने नाव झाकून, आणि चुकांची नंबरवाली यादी एका फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी तारखा बदलल्या की झालं, आणि कॉलेज बदललं तरी फोल्डर तुमच्याबरोबर येतो, इंटरव्ह्यूला टेबलावर ठेवायलाही उपयोगी पडतो.

हे सगळे आकडे आणि वाचायचं साहित्य फुकट कुठे मिळेल?

शेतमालाचे भाव पणन मंडळाच्या साइटवर, देशभरातले अ‍ॅगमार्कनेटवर. गावाची लोकसंख्या, साक्षरता, घरं हे २०११ च्या जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यांत. ऑनलाइन कोर्ससाठी २०१७ पासून स्वयम आहे, त्यातले व्हिडिओ पूर्ण दाखवू नका, हवा तो तुकडा दाखवा. जर्नल्ससाठी आधी लायब्ररियन सरांना भेटा, कॉलेजने एन-लिस्ट (कॉलेजांसाठी ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकांची योजना) घेतलेलं असेल तर त्याचा लॉगिन तुम्हालाच नाही, पोरांनाही काढून देता येतो, नावांची यादी आणि ईमेल तेवढे ऑगस्टच्या आत नेऊन द्या.